दिवस राहत नाहीत म्हणून वैद्याकडे जायचं असेल तर

परळला माझा छोटा दवाखाना आहे. एका अंगाला केईएम, दुसऱ्या अंगाला वाडिया, आणि चालत जाण्याच्या अंतरावर प्रजनन आरोग्यावर संशोधन करणारी केंद्र सरकारची संस्था. ६ ऑगस्ट १९८६ ला भारतातलं शास्त्रशुद्ध नोंद असलेलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ केईएममध्ये जन्मलं, डॉ. इंदिरा हिंदुजांच्या कामातून. त्यामुळे माझ्याकडे येणारी बाई बहुतेक वेळा कुठल्यातरी ओपीडीतून फाईल घेऊनच आलेली असते. पण ती फाईल पिशवीतून बाहेर काढत नाही. म्हणते, "मॅडम, ते सगळं अ‍ॅलोपथीचं आहे. तुम्ही नाडी बघा."

नाडी मी बघतेच. पण आधी फाईल.

मी बीएएमएसनंतर, म्हणजे आयुर्वेदाच्या पदवीनंतर, स्त्रीरोग-प्रसूतितंत्रात एमएस केलं आणि रोज आयुर्वेदाचीच औषधं लिहून देते. म्हणूनच ती नको तिथे, नको तितकी वर्षं दिलेली मला बघवत नाहीत. बत्तिसाव्या वर्षी सुरू केलेला काढा अडतिसाव्या वर्षीही चालू असतो आणि मधल्या काळात नळ्या उघड्या आहेत का, हे कोणी पाहिलेलंच नसतं. तेव्हा हे जे लिहिते आहे त्यात औषधांपेक्षा क्रमाचा आणि मुदतीचा भाग जास्त आहे.

आधी कॅलेंडर, मग खोली

वर्षभर कुठलीही काळजी न घेता संबंध येऊनही दिवस राहिले नाहीत, तर तपासण्यांना सुरुवात करायची. वय पस्तीसच्या पुढे असेल तर सहा महिनेच थांबायचं. चाळिशीला आला असाल तर थांबूच नका. पाळी दोन-दोन महिने येत नसेल, किंवा नवऱ्याला लहानपणी अंडकोषाचं ऑपरेशन झालेलं असेल, तर ही वर्षभराची अट तुम्हाला लागू नाही.

पहिल्या भेटीला येताना मागच्या सहा पाळ्यांच्या तारखा घेऊन या. पाळीचा पहिला दिवस म्हणजे व्यवस्थित अंगावर जायला लागलं तो दिवस, आदल्या दिवशीचा डाग नव्हे. "चौदाव्या दिवशी बीज बाहेर पडतं" हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं, पण ते अठ्ठावीस दिवसांच्या पाळीपुरतं खरं. हिशेब पुढच्या पाळीपासून मागे मोजायचा असतो, साधारण चौदा दिवस. म्हणजे पस्तीस दिवसांनी येणाऱ्या पाळीत तो दिवस एकविसाव्याच्या आसपास पडतो. शुक्राणू शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरतात, स्त्रीबीज मात्र जेमतेम एक दिवस. म्हणून त्या दिवसाआधीचे पाच दिवस आणि तो दिवस, एवढाच काळ कामाचा. एक दिवसाआड जवळ आलात तरी पुरे. त्या दिवसांत अंगावरचा स्राव पारदर्शक, बुळबुळीत आणि ताणला तरी न तुटणारा होतो. हे दोन-तीन महिने लक्षात ठेवलं की पट्ट्यांवर फारसे पैसे घालवावे लागत नाहीत. पीसीओडी (बीजकोशाचा विकार, ज्यात पाळी लांबते) असेल तर केमिस्टकडच्या त्या ओव्ह्युलेशनच्या पट्ट्या तशाही फसवतात.

सुश्रुताने ऋतुकाळ, म्हणजे गर्भ राहण्याजोगा काळ, बारा रात्रींचा सांगितला आहे. ढोबळमानाने तो जुळतो. पण चाळीस दिवसांनी पाळी येणाऱ्या बाईला "अमुक रात्री जवळ या" असं पोथीतून काढून सांगणारे आहेत, त्यांच्या नादी लागू नका.

मग मी विचारते, झोपता कुठे? बायका लाजतात, पण मुंबईत हे विचारावंच लागतं. चाळीतली दहा बाय बाराची खोली, पोटमाळ्यावर हे दोघं, खाली सासूसासरे आणि धाकटा दीर. तिची सकाळपाळी, त्याची रात्रपाळी. रविवारी घरात पाहुणे. दोघांचेही रिपोर्ट उत्तम, आणि महिन्यातून एकदा जमलं तर जमलं, तेही नेमकं कधी याचा पत्ता नाही. ही जागेची टंचाई आहे, आणि फलघृताने, म्हणजे औषधी तुपाने, खोली मोठी होत नाही. अशा जोडप्याला मी लिहून देते ते एवढंच: त्या आठवड्यात दोघांनी मिळून रजा काढा, सासूबाईंना चार दिवस नणंदेकडे पाठवा, नाहीतर सरळ बाहेरगावी जा. हे ऐकून पुष्कळजणींना वाटतं, मॅडमनी औषधच दिलं नाही. चरकाने गर्भधारणेला मदत करणाऱ्या गोष्टींत सौमनस्य, म्हणजे मनाची प्रसन्नता, सगळ्यांत वर ठेवली आहे. आता पोटमाळ्यावर श्वास रोखून झोपणाऱ्या बाईला ते कुठून यायचं? मात्र याच वचनाचा आधार घेऊन "तू टेन्शन घेतेस म्हणून राहत नाही" असं सुनेला ऐकवणाऱ्या घरांना मी दवाखान्यातच गप्प करते.

सुश्रुताच्या चार गोष्टी आणि तुमची फाईल

सुश्रुत म्हणतो, ऋतू, क्षेत्र, अंबू आणि बीज हे चारही नीट जुळून आले की अंकुर फुटावा तसा गर्भ राहतो. शेतीचा हा दाखला मला इतका आवडतो की मी आजही तपासण्या त्याच चार खणांत लावते.

ऋतू म्हणजे वेळ. पाळी नियमित आहे का, बीज बाहेर पडतंय का. त्यासाठी सोनोग्राफी, आणि पुढच्या पाळीच्या आठवडाभर आधी प्रोजेस्टेरॉन. क्षेत्र म्हणजे गर्भाशय आणि नळ्या. अंबू म्हणजे पोषण. त्यात मी हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉईडची तपासणी), प्रोलॅक्टिन (दुधाचं संप्रेरक) आणि तीन महिन्यांची सरासरी साखर धरते. बीज म्हणजे तिचं आणि त्याचंही. तिच्यासाठी एएमएच, म्हणजे बीजांचा साठा किती उरलाय ते सांगणारी रक्ततपासणी. त्याच्यासाठी वीर्यतपासणी.

ही शेवटची तपासणी पहिली करायची. बाईची सोनोग्राफी, रक्त, नळ्यांचा एक्स-रे सगळं होऊन जातं आणि नवरा अजून "मला काय झालंय" म्हणत असतो. दोन ते सात दिवस संबंध टाळून, चांगल्या लॅबमध्ये नमुना द्यायचा, बस. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या नियमावलीत शुक्राणूंच्या संख्येची खालची रेषा मिलीलीटरला १.६ कोटी आहे. रिपोर्ट कमी आला तर काही आठवड्यांनी परत करून बघायचा, कारण तापातून उठल्यावरही आकडे पडतात. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात, त्यामुळे गुटखा-सिगारेट सोडल्याचा परिणाम तीन महिन्यांनीच दिसणार. हल्ली एक नवं पाहते आहे: जिममध्ये घेतलेली टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं. दंड फुगतात, आणि शुक्राणू जवळजवळ शून्यावर येतात. अशा नवऱ्याला अश्वगंधा देऊन काय होणार, आधी सुई थांबली पाहिजे. आणि तीही डॉक्टरांच्या देखरेखीत.

नळ्यांच्या तपासणीबद्दल थोडं सविस्तर सांगते. एचएसजी म्हणजे गर्भाशयात रंगद्रव्य सोडून काढलेला एक्स-रे. पाळी थांबल्यावर, साधारण दहाव्या दिवसाच्या आत करतात. दुखतं, पण मिनिटांत संपतं. आधी वेदनाशामक घ्यायची की नाही ते विचारून घ्या. यात एक गोम आहे. गर्भाशयाला लागून असलेला नळीचा भाग कळ आल्यामुळे नुसता आवळला गेला, तरी रिपोर्टमध्ये "ब्लॉक" लिहून येतं. पुढच्या वेळी तीच नळी उघडी दिसते. मधल्या काळात बाईने कुणाचं चूर्ण घेतलेलं असेल तर श्रेय चूर्णाला जातं. "आमच्या औषधाने नळी उघडली" या कहाण्यांपैकी काही अशा जन्मतात, आणि हे मी माझ्याच व्यवसायातल्या लोकांबद्दल सांगते आहे.

आणखी एक, आपल्याकडे न विसरण्यासारखं: गर्भाशयाचा आणि नळ्यांचा टीबी. खोकला नाही, ताप नाही, पाळी फक्त कमी होत गेलेली. घरात कुणाला टीबी होऊन गेला असेल तर वैद्याला आणि स्त्रीरोगतज्ज्ञाला दोघांनाही सांगा. निघालाच तर टीबीची गोळी पूर्ण कोर्सभर घ्यायची. याला कुठलाही काढा पर्याय नाही.

कुठला वैद्य

पाटीवर "मूलबाळ स्पेशालिस्ट" लिहिलेलं मोजू नका. महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनचा नोंदणी क्रमांक आहे का बघा. एमडी किंवा एमएस असेल तर विषय कुठला, हेही विचारा. पंचकर्माचा, बालरोगाचा आणि स्त्रीरोगाचा पदव्युत्तर अभ्यास वेगवेगळा असतो. वंध्यत्व बरं करतो अशी औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्यानेच मनाई आहे. त्यामुळे रेल्वेच्या डब्यात चिकटवलेला कागद असो की मोबाईलवर येणारी "गर्भधारणा किट", हमी दिसली की पुढे सरका.

खाजगी परवडत नसेल तर वरळीचं पोदार आणि सायनचं आयुर्वेद महाविद्यालय, दोन्हीकडे रुग्णालय आहे, स्त्रीरोगाची ओपीडी आहे, पंचकर्म होतं. रांग असते, शिकाऊ डॉक्टर तेच तेच प्रश्न पुन्हा विचारतात, पण केसपेपर नीट लिहिला जातो.

आणि पहिल्याच भेटीत हे तीन प्रश्न विचारा: माझ्यात नेमका दोष कुठे आहे असं तुम्हाला वाटतं? हे औषध किती पाळ्या द्यायचं? आणि तोवर गुण आला नाही तर तुम्ही मला कुठे पाठवाल? तिसऱ्या प्रश्नावर जो वैद्य चिडतो, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जायची गरज नाही.

औषधं

इथे मी डोसांची यादी देणार नाही. ती वाचून दादरला काष्ठौषधींच्या दुकानात जाऊन पुड्या बांधून आणणाऱ्या बायका मला माहीत आहेत. पण तुम्हाला जे दिलं जाईल ते काय आहे, एवढं कळायला हवं.

शतावरी सगळ्यांना ठाऊक. चूर्ण दुधातून देतात. बाजारात मिळणारा शतावरी कल्प मात्र बहुतांशी साखर असतो. पीसीओडी आहे, मानेवर काळपटपणा आलाय, वजन वाढलंय, साखर काठावर आहे, आणि बाई रोज सकाळ-संध्याकाळ दोन-दोन चमचे कल्प खाते आहे, हे मी नेहमी बघते. तिच्यासाठी ते उलट काम करतं. साधं चूर्ण घ्या, तेही तुम्हाला लागू असेल तर.

फलघृत हे सिद्ध तूप, गर्भाशयासाठी आणि गर्भधारणेसाठी परंपरेने दिलं जाणारं. माझ्या आवडीचं औषध, पण ज्या बाईला भूक लागत नाही, जेवल्यावर पोट जड राहतं, जिभेवर पांढरा थर आहे, तिला पहिल्या दिवसापासून तूप पाजलं की फक्त मळमळतं. आधी अग्नी म्हणजे पचन, मग स्नेह म्हणजे तूप. ज्यांच्याकडे मासे रोजचे, त्यांना मी सांगते की फलघृताचं दूध सकाळी उपाशीपोटी आणि मासे दुपारी. दोन्ही एकत्र नको.

रजःप्रवर्तिनी वटी. नावाप्रमाणे पाळी आणण्यासाठी आहे. हिच्याबद्दल मला ओरडून सांगायचं आहे: पाळी चुकली म्हणून स्वतःच्या मनाने ही गोळी घेऊ नका. आधी प्रेग्नन्सी टेस्ट. ज्या दिवसाची तुम्ही दोन वर्षं वाट बघता आहात त्याच दिवशी ती गोळी पोटात जायला नको. कांचनार गुग्गुळासारखी औषधंही मी पाळीच्या पहिल्या अर्ध्या भागातच देते. बीज बाहेर पडल्यानंतरच्या दिवसांत बंद. थायरॉईडची गोळी चालू असेल तर ती सकाळी उपाशीपोटी एकटीच घ्यायची, आयुर्वेदाचं काही असेल ते काही तासांनी. गुग्गुळ आणि अश्वगंधा दोन्ही थायरॉईडच्या पातळीवर परिणाम करू शकतात, म्हणून सुरू केल्यावर टीएसएच पुन्हा बघायचा.

अशोकारिष्ट, कुमारी आसव, दशमूलारिष्ट ही आंबवून केलेली औषधं आहेत, त्यांत नैसर्गिकरीत्या तयार झालेलं अल्कोहोल असतं, बाटलीवर वाचा. गर्भ राहण्याची शक्यता असलेल्या पंधरवड्यात ती मी देत नाही.

मग भस्मं आणि रसौषधी, म्हणजे धातू-खनिजांची औषधं. इथे मी कडक आहे. आयुर्वेद शिकलेली असूनही, की शिकलेली आहे म्हणून, गर्भधारणेची वाट पाहणाऱ्या बाईला शिसं किंवा पारा असलेलं काहीही देत नाही. गर्भपाल रस हे नाव किती गोड आहे, पण त्याच्या जुन्या पाठात नागभस्म म्हणजे शिसं आणि हिंगुळ म्हणजे पाऱ्याचं संयुग येतं. २०१२ मध्ये अमेरिकेच्या सीडीसीने न्यूयॉर्कमधल्या सहा गर्भवतींची नोंद प्रसिद्ध केली; भारतातून गेलेली आयुर्वेदिक औषधं घेऊन त्यांच्या रक्तात शिसं वाढलं होतं. शिसं वारेतून बाळापर्यंत पोचतं. शोधन-मारण, म्हणजे धातू शुद्ध करून त्याचं भस्म करणं, नीट केलं की काही होत नाही, असं मला माझ्या शिक्षकांनी शिकवलं. असेलही. पण कुठल्या कारखान्यात ते नीट झालं हे मला माझ्या टेबलावरून दिसत नाही.

लेबल नसलेली पुडी, नाव न सांगता दिलेली काळी गोळी, "गुरुजींनी मंत्रून दिलेलं" चूर्ण हे घेऊच नका. बाटलीवर घटक, उत्पादन परवाना, बॅच आणि मुदत असलीच पाहिजे. आणि वनस्पती म्हणजे निरुपद्रवी असंही समजू नका. कोरोनाच्या काळात गुळवेल घेऊन यकृताला सूज आलेल्या रुग्णांची नोंद मुंबईतल्याच डॉक्टरांनी प्रसिद्ध केली होती, त्यावर वादही झाला. मी त्यातून एवढं घेतलं की दीर्घकाळ औषध द्यायचं तर लिव्हरची तपासणी मधे एकदा करून घ्यायची.

शिवलिंगीच्या बिया आणि मुलगा होण्याची औषधं. पुंसवन, म्हणजे मुलगा व्हावा म्हणून करायचा विधी, ग्रंथांत आहे, नाकारत नाही. मुलगा की मुलगी हे पित्याच्या शुक्राणूवर ठरतं, आणि ते गर्भ राहतो त्याच क्षणी. नंतर घेतलेल्या कुठल्याही थेंबाने ते बदलत नाही. लिंगनिवडीचा कुठलाही उपाय करणं आणि त्याची जाहिरात करणं १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. माझ्या दवाखान्यात हा विषय इथेच संपतो.

पंचकर्म, लोकल धरून

पीसीओडी, वाढलेलं वजन, अंगावर पुरळ, जड शरीर अशा बाईला मी बरेचदा विरेचन, म्हणजे औषधाने जुलाब देणं, सुचवते. पण त्याचा खरा वेळ ऐकून घ्या. तीन ते सात दिवस वाढत्या मात्रेत तूप, मग अंगाला तेल आणि वाफ, मग विरेचनाचा एक दिवस, आणि त्यानंतर पेजेपासून हळूहळू नेहमीच्या जेवणावर यायचे तीन ते सात दिवस. म्हणजे पंधरवडा गेला. शनिवारी येते, सोमवारी ऑफिसला जाते असं होत नाही. विरेचनाच्या दिवशी विरार लोकलमध्ये असण्याचा विचारसुद्धा करू नका. त्या महिन्यात दिवस राहू नयेत याची काळजी घ्यायची, आणि सुरू करण्याआधी प्रेग्नन्सी टेस्ट करायची. "दोन तासांत डिटॉक्स" म्हणून जे विकतात ते मसाज आहे. छान वाटतं, करून घ्या, पण त्याला पंचकर्माचे पैसे देऊ नका.

नोकरी करणाऱ्यांना जमण्यासारखी गोष्ट म्हणजे मात्राबस्ती. औषधी तेलाची छोटी बस्ती (गुदमार्गे दिलेलं औषध), जेवणानंतर घ्यायची, पथ्य फारसं नाही. डोंबिवलीहून येणारी एक बाई ऑफिसातून अर्धा तास आधी निघायची, दवाखान्याशेजारी आणलेला डबा खायची, बस्ती घेऊन पडायची आणि गर्दी ओसरल्यावर गाडी पकडायची. तिची पाळीतली कंबरदुखी आणि बद्धकोष्ठ दोन्ही कमी झाले. गर्भ राहिला तो नंतर, आणि त्यासाठी तिने अंडं फुटण्याच्या गोळ्याही घेतल्या होत्या. श्रेय कुणाला द्यायचं ते मला ठरवता येत नाही, म्हणून मी ते घेत नाही.

उत्तरबस्ती वेगळी. यात पाळी थांबल्यानंतरच्या दिवसांत गर्भाशयात काही मिलीलीटर औषधी तेल किंवा तूप सोडतात. नळ्या, गर्भाशयाचं अस्तर यांसाठी देतात. आयुर्वेद महाविद्यालयांत यावर अभ्यास झाले आहेत, पण बहुतेक छोटे. गर्भाशयात काहीही सोडणं म्हणजे जंतू आत नेण्याची शक्यता. म्हणून ती निर्जंतुक खोलीत, निर्जंतुक साहित्याने, स्त्रीरोगात पदव्युत्तर शिकलेल्या व्यक्तीनेच करायची. घरी येऊन उत्तरबस्ती देणारी बाई मिळते असं कुणी सांगितलं तर नको म्हणा. अंगावर दुर्गंधीचा स्राव जात असेल, ओटीपोटात सूज असेल, टीबीची शंका असेल, तर करायची नाही. नंतर ताप आला, पोट दुखायला लागलं, तर वाट न बघता हॉस्पिटल. आणि नळीत पाणी भरलेलं असेल, ज्याला रिपोर्टमध्ये हायड्रोसाल्पिन्क्स लिहितात, तर मी हात लावत नाही. ते शस्त्रक्रियेचं आणि आयव्हीएफवाल्यांचं, म्हणजे टेस्ट ट्यूब बाळ करणाऱ्यांचं काम.

डबा

फार लिहायचं नाही, कारण हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी करत नाही. वजन जास्त असेल तर पाच-दहा टक्के उतरलं तरी पीसीओडीत पाळी सुधारायला लागते; ऐंशी किलोच्या बाईला चार ते आठ किलो. संध्याकाळी स्टेशनबाहेरचा वडापाव आणि घरी पोचून साडेदहाला जेवण, हे मोडलं की निम्मं काम झालं. पर्समध्ये फुटाणे, खजूर, तिळाची वडी ठेवा. भाकरी ज्वारीची, नाचणीची. मूग, पालेभाजी, ताक. मासे खाणाऱ्यांनी बांगडा, तारली, बोंबील खावेत. मोरीसारखे (शार्क) मोठे शिकारी मासे टाळा, त्यांत पारा साठतो. कटिंग दिवसातून दोन, सहा नाही. फॉलिक अ‍ॅसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी दिवस राहण्याआधीपासूनच रोज. ती आयुर्वेदात नाही म्हणून मी टाळत नाही, तुम्हीही टाळू नका.

मुदत

माझा नियम असा आहे, आणि तो मी केसपेपरवर लिहून देते. दोघांच्या तपासण्या झालेल्या, नळ्या उघड्या, वय पस्तीसच्या आत: सहा पाळ्या, मधे तिसऱ्या पाळीला आढावा. पस्तीस ते अडतीस: तीन पाळ्या, तेही स्त्रीरोगतज्ज्ञांच्या बरोबरीने. त्यापुढे, किंवा एएमएच खूप कमी असेल तर, फक्त आयुर्वेदावर मी ठेवत नाही. एएमएच वाढवणारं चूर्ण म्हणून जे खपतं त्याने बीजांचा साठा भरत नाही. दोन्ही नळ्या खरोखरच बंद असतील, शुक्राणू शून्य असतील, तर पहिल्याच दिवशी सांगते की बाई, माझ्याकडे वर्ष घालवू नका.

आयव्हीएफला जायचं ठरलं तर केंद्र २०२१ च्या एआरटी (सहाय्यक प्रजनन) कायद्याखाली नोंदलेलं आहे का पाहा. त्या कायद्यात बाईचं वय २१ ते ५० आणि पुरुषाचं २१ ते ५५ धरलं आहे. मग माझ्याकडे काय उरतं? आयव्हीएफच्या दोन सायकलींच्या, म्हणजे उपचाराच्या दोन फेऱ्यांच्या, मधला काळ. झोप, पोट, अंगातला थकवा, गर्भपातानंतर आलेला अशक्तपणा. तिथे मी खूप काही करू शकते. पण इंजेक्शनं सुरू झाली की माझी औषधं बंद, आणि तिथल्या डॉक्टरांना तुम्ही काय काय घेत होता ते सांगायचं. लपवायचं नाही. बायका लपवतात, कारण दोन्हीकडून ओरडा खावा लागतो. रिकाम्या बाटल्यांचे फोटो मोबाईलमध्ये ठेवा आणि दाखवा.

दोन रेघा दिसल्या की

सगळी आयुर्वेदिक औषधं त्या दिवशी थांबवा, फॉलिक अ‍ॅसिड आणि थायरॉईडची गोळी चालू ठेवा, आणि मला फोन करा. पेढे नंतर. सहाव्या-सातव्या आठवड्यात सोनोग्राफी करून गर्भ गर्भाशयातच आहे ना हे बघायचं. ज्यांच्या नळ्यांचा काही इतिहास आहे, टीबी होऊन गेला आहे, उत्तरबस्ती झालेली आहे, त्यांनी तर अजिबात टाळायचं नाही, कारण नळीत राहिलेला गर्भ फुटला तर जिवावर बेततं. एका बाजूला ओटीपोटात कळा, थोडंसं अंगावर जाणं, खांद्यात दुखणं, चक्कर: यातलं काही झालं तर पाणी पिऊन पडून राहू नका, वैद्याची वाट बघू नका, टॅक्सी करा आणि जवळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा. फाईल बरोबर घ्या.